टाकी, टँकर आणि टँक

"मामा, टँकरमधून पाणी येतं. मग टँकमधून काय येतं?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं घागरी घेऊन रांगेत उभे होतो. मे महिना, दुपारचं ऊन, आणि टँकर अजून वेशीपाशीच. बीड जिल्ह्यातल्या मुलांना टँकर काय असतो ते सांगावं लागत नाही. हॉर्न ऐकला की हंडा, कळशी, बादली, जे हाताला लागेल ते घेऊन धावायचं. पण भाची आता पाचवीत गेली होती आणि तिच्या पुस्तकात एक चित्र होतं, पुढं लांब नळी असलेल्या लोखंडी गाडीचं. खाली लिहिलं होतं, टँक. नावं इतकी सारखी कशी, हा तिचा खरा प्रश्न होता.

उत्तर मला अर्धंच येत होतं. म्हणून ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत हिला नगरला न्यायचं.

तुम्हाला ठाऊक असेलच, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. आमचे आबा तिची वाट बघत म्हातारे झाले. ती गाडी राजुरी, अंमळनेर, आष्टी, कडा असं करत नगरला पोचते. (नाव अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडी नगरच बसलंय.) आणि नगरला लष्कराच्या हद्दीत आहे रणगाड्यांचं, म्हणजेच टँकचं, संग्रहालय. १९९४ च्या फेब्रुवारीत ते उघडलं, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, जपान, रशिया, फ्रान्स अशा कुठल्या कुठल्या देशांत तयार झालेले रणगाडे तिथं झाडांमध्ये, मोकळ्या आभाळाखाली उभे आहेत. आणि आपल्या देशात, चेन्नईजवळ आवडीला बनलेला 'विजयंता'सुद्धा.

आत गेल्या गेल्या पोरं काय करतात ते सांगू का? "ढिश्क्यांव!" एक मुलगा तर दोन्ही हातांची नळी करून धावतच सुटला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, एवढं मोठं यंत्र बघून अंगात वारं शिरतंच. पण मी भाचीला आधीच एक काम दिलं होतं. वहीत प्रत्येक रणगाड्याचं नाव लिहायचं आणि त्यापुढं एकच प्रश्न लिहायचा: याच्या आत कोण बसलं होतं?

तर आधी नावाची गोष्ट.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. फ्रान्समध्ये दोन्ही बाजूंचे सैनिक खंदक खणून समोरासमोर बसले होते, मध्ये काटेरी तारा. पुढं जावं तर मशीनगनच्या गोळ्या. तेव्हा इंग्लंडमधल्या लिंकन या गावच्या एका कारखान्यात एक विचित्र गाडी तयार होऊ लागली. ती कुणाला कळू द्यायची नव्हती. मग एवढं मोठं लोखंडी धूड कारखान्यातून निघताना लोक विचारणार, तेव्हा सांगायचं काय? सांगायचं, पाण्याची टाकी आहे! टाकीला इंग्रजीत टँक म्हणतात. फसवायला घेतलेलं नाव कायमचं चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हे टँक पहिल्यांदा रणात उतरले.

आता खरी गंमत ऐका. इंग्रजीत हा 'टँक' शब्द आला कुठून? पोर्तुगीज भाषेतून, असं काही अभ्यासक म्हणतात. पण कितीतरी शब्दकोशकार दुसरीकडे बोट दाखवतात, आपल्याकडे. गुजराती आणि मराठीतल्या पाणी साठवायच्या जागेच्या शब्दांकडे. आपली टाकी! डोंगरी किल्ल्यांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी बघितली असतील ना, तीच. म्हणजे कदाचित आपल्या पाण्याचा शब्द व्यापाऱ्यांच्या गलबतातून साहेबाच्या देशात गेला, तिथं युद्धाच्या यंत्राला चिकटला, आणि टँकर होऊन परत आपल्या वेशीवर हॉर्न वाजवत आला. हे ऐकून भाची कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या घागरीतलं पाणी आणि हा, नातेवाईक आहेत!"

त्या पहिल्या टँकमध्ये आठ माणसं बसत. इंजिन मध्येच, माणसांच्या शेजारी, उघडं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कडी लावून बसा, शेजारी चूल पेटवा, वर धूर कोंडू द्या. तसं आत व्हायचं. आवाज एवढा की एकमेकांशी बोलता येत नसे, मग लोखंडावर ठोकून खुणा करायच्या. आणि वेग? माणूस झपझप चालतो तेवढा.

संग्रहालयात आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते पॅटनसमोर. हा अमेरिकेत बनलेला, आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून आपल्याविरुद्ध लढलेला. भाची उकिडवी बसून त्याच्या चाकांकडे बघत होती. चाकं जमिनीला टेकतच नव्हती. ती बसवलेली होती एका लोखंडी पट्ट्याच्या आत. पट्टा म्हणजे एकमेकांत खिळ्यांनी ओवलेले पोलादी तुकडे. तिनं एका तुकड्यावर तळहात ठेवला. तिचा पंजा त्यावर आरामात मावला आणि वर जागा उरली.

"मामा, एवढा जड गाडा शेतात रुतत नाही?"

शेतकऱ्याच्या घरची पोर आहे, हाच प्रश्न विचारणार! चला, हिशेब करू. तुम्हीही वही घ्या.

पॅटनच्या एम-४८ या प्रकाराचं वजन साधारण ४५ टन, म्हणजे ४५,००० किलो. त्याला दोन पट्टे. प्रत्येक पट्टा सुमारे ७० सेंटीमीटर रुंद आणि जमिनीला टेकलेला भाग सुमारे ४०० सेंटीमीटर लांब. दोन्ही पट्टे मिळून जमिनीवर जागा किती व्यापली? ७० गुणिले ४०० गुणिले २, म्हणजे ५६,००० चौरस सेंटीमीटर. आता ४५,००० ला ५६,००० नं भागा. उत्तर येतं ०.८ च्या आसपास. म्हणजे एक सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर रुंद एवढ्या इवल्याशा चौकोनावर त्या अख्ख्या धुडाचं एक किलोसुद्धा वजन येत नाही.

आता बैल घ्या. बैल चालताना त्याचं सगळं वजन दोन-तीन खुरांवर येतं आणि खूर केवढा? तुमच्या तळहाताएवढा. त्याच्या खुराखाली एका चौरस सेंटीमीटरवर दीड किलोच्या वर भार पडतो. मोटारीच्या चाकाखाली तर दोन किलो. म्हणून तर आपल्या काळ्या रानात खुरांचे खळगे पडतात. रणगाडा हा रस्त्याची वाटच बघत नाही. स्वतःचा रस्ता स्वतः अंथरतो, त्यावरून चालतो, आणि मागचा गुंडाळून पुन्हा पुढं टाकतो.

घरी तुमचा स्वतःचा हिशेब करून बघा. एक-एक सेंटीमीटरच्या चौकटी आखलेल्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं कड काढा, आतले चौकोन मोजा आणि त्या आकड्यानं तुमच्या वजनाला भागा. चालताना एकच पाय टेकलेला असतो हे विसरू नका.

आणि रणगाडा वळतो कसा? त्याला पुढची चाकं वळवायची सोय नाही. भाचीला हे सांगायला मला बैलगाडीच आठवली. गाडी डावीकडे घ्यायची तर गाडीवान काय करतो? डाव्या बैलाचा कासरा ओढून त्याला थोपवतो आणि उजव्याला पुढं हाकतो. रणगाड्यातही तेच. डावा पट्टा हळू, उजवा भरभर, की गाडा डावीकडे. एक पट्टा पुरता थांबवला तर गाडा त्या थांबलेल्या पट्ट्याभोवती गरकन फिरतो.

पुढच्या बाजूचा तिरका पत्राही बघायला विसरू नका. पत्रा तिरका का? काकडी आडवी कापली तर चकती गोल आणि लहान, तिरकी कापली तर लांब. जाडी तीच, पण तिरक्या वाटेनं जायचं तर अंतर वाढतं. समोरून येणाऱ्या गोळ्याला पत्रा तसा जाड होऊन भेटतो.

एवढं सगळं अंगी असलेला पॅटन हरला कसा? इथं बीडच्या मुलांनी कान टवकारायचे, कारण या गोष्टीत ऊस आहे.

सप्टेंबर १९६५. पंजाबात सरहद्दीजवळ खेमकरण नावाचं गाव, त्याच्या पुढं असल उत्तर. पाकिस्तानची पॅटन रणगाड्यांची फौज त्या बाजूनं आत घुसली. आपल्याकडच्या रणगाड्यांत सेंच्युरियन होते, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले जुने शर्मनही होते. पॅटनची तोफ शर्मनपेक्षा लांब पल्ल्याची. समोरासमोर उघड्यावर भिडलं असतं तर जड गेलं असतं. मग मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या फौजेनं थोडं मागं सरून घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली, तोंड शत्रूकडे उघडं. आणि रणगाडे लपवले कुठं? उभ्या उसात.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आईबाबा दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. काही जण त्यांच्यासोबत जाऊनही आला असाल. सांगा बरं, फडात शिरलं की दोन हातांपलीकडचं काही दिसतं का? पाचटाची सळसळ, पानांच्या करवती कडा आणि चहूकडे हिरवी भिंत. सप्टेंबरात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. त्या भिंतीआड आपले रणगाडे दबा धरून थांबले. शिवाय कालव्याचं पाणी सोडून रानं भिजवून टाकली.

पाऊस पडून गेल्यावर लगेच औत घातलं तर आजोबा काय म्हणतात? "थांब रे, वापसा येऊ दे!" रानाला वापसा नसला की माती पायाला, फाळाला, चाकाला धरून बसते. पॅटन त्या वापसा नसलेल्या रानात शिरले. मघाचा आपला हिशेब आठवा, एका चौरस सेंटीमीटरला ०.८ किलो. कोरडी माती तेवढं हसत पेलते. पण पाण्यानं मातीचे कण एकमेकांवरून घसरायला लागले की तेवढंही पेलवत नाही. पट्टा फिरतो, माती मागं फेकतो, स्वतःच खाली जातो, आणि एकदा का गाड्याचं पोट जमिनीला टेकलं की पट्टे नुसतेच फिरत राहतात. रुतलेला ट्रॅक्टर ज्यानं पाहिलाय त्याला हे चित्र वेगळं काढून दाखवायला नको. भारताच्या नोंदीप्रमाणे त्या लढाईत शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. पकडलेले पॅटन नंतर एका जागी इतके गोळा झाले की त्या जागेला 'पॅटन नगर' म्हणू लागले.

याच लढाईत एक माणूस जीपमध्ये बसून रणगाड्यांशी लढला. हवालदार अब्दुल हमीद. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातलं धामुपूर त्यांचं गाव, वडील शिंपीकाम करायचे. त्यांच्या जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी तोफ जीपवर? तोफ गोळ्याला पुढं ढकलते, तेव्हा गोळाही तोफेला तेवढ्याच जोरानं मागं ढकलतो. पॅटनसारखं ४५ टनांचं धूड तो धक्का पचवतं, जीप मात्र उलटीपालटी होईल. म्हणून या तोफेच्या मागच्या बाजूला भोकं ठेवलेली असतात. गोळा पुढं सुटतो त्याच क्षणी पेटलेला वायू मागून सुटतो. पुढचा धक्का आणि मागचा धक्का एकमेकांना फेडून टाकतात आणि तोफ जागची हलत नाही. फुगवलेला फुगा हातातून सोडून बघा, वायू मागं सुटला की काय जोर येतो ते कळेल.

पण याची किंमत असते. मागून सुटणाऱ्या त्या वायूचा लोळ आणि धूळ लांबून दिसते. एक गोळा मारला की शत्रूला कळलं, तू कुठं आहेस ते. लगेच जागा बदलायची, पुन्हा पिकाआड जायचं, पुन्हा नेम धरायचा. अब्दुल हमीद यांनी असं करत एकामागून एक पॅटन टिपले. १० सप्टेंबरला त्यांच्या जीपवर गोळा येऊन पडला. ते ३२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

भाचीनं वहीत पॅटनपुढचा प्रश्न वाचला आणि मला विचारलं, "यांच्या आत कोण होतं? त्यांचं नाव लिहू का? मला माहीत नाही." मी म्हटलं, "त्यांनाही घर असेल. जागा मोकळी सोड." तिनं मोकळी सोडली.

पुढं सेंच्युरियन आला. यात चार माणसं बसत: एक चालवणारा, एक नेम धरणारा, एक तोफेत गोळा भरणारा आणि एक त्यांचा नायक. चौघांची जागा एवढी अडचणीची की एकाचं कोपर दुसऱ्याच्या खांद्याला लागणार. असाच एक सेंच्युरियन, नाव 'फामागुस्ता', नगरच्याच आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवलेला आहे. त्याचा नायक होता पुण्यात जन्मलेला अरुण खेत्रपाल. पूना हॉर्स या पलटणीतला सेकंड लेफ्टनंट. फौजेत येऊन सहाच महिने झालेले आणि वय २१. तुमच्या शेजारच्या, नुकतंच कॉलेज संपवलेल्या एखाद्या दादाएवढा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्याच्या रणगाड्याला आग लागली. वरून हुकूम आला, बाहेर पड. तो पडला नाही, कारण तोफ अजून चालत होती आणि शत्रूचे रणगाडे पुढं येत होते. तिथंच तो गेला. त्यालाही परमवीर चक्र मिळालं.

ही गोष्ट इथं थांबत नाही, आणि मला तिचा पुढचा भाग मुलांना सांगावासा वाटतो. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, अरुणचे म्हातारे वडील आपलं जन्मगाव बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला एका निवृत्त ब्रिगेडियरनं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, खूप जीव लावला. आणि निघायच्या आधी त्यानं सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो. तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. अरुणचे वडील स्वतः फौजेतले. दोघं एकमेकांसमोर उभे होते, सेंच्युरियनवाल्याचा बाप आणि पॅटनवाला.

भाचीनं वही उघडली. मागं जाऊन पॅटनपुढच्या मोकळ्या जागेत तिनं लिहिलं, "एक काका. त्यांनी खरं सांगितलं."

परतीच्या गाडीत ती खिडकीला नाक लावून बसली होती. कड्याच्या आसपास तिनं विचारलं, आपल्या गावात रणगाडे आले होते का कधी? मी सांगितलं, १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात आले होते, आणि आपला बीड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण मात्र अजून निजामाच्या राज्यात, वर निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांची दहशत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज निघाली. मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं, रणगाडे घेऊन. तिचे प्रमुख होते मेजर जनरल जे. एन. चौधुरी. हेच चौधुरी १९६५ मध्ये, असल उत्तरच्या वेळी, देशाचे लष्करप्रमुख होते बरं का. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली. म्हणून त्या दिवशी शाळेत झेंडावंदन असतं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपली ही रेल्वे सुरू झाली तीही त्याच तारखेला.

"आबा तेव्हा होते?"

"होते की. सहा वर्षांचे."

घरी पोचल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. वही घेऊन थेट आबांच्या बाजेवर. आबा आम्हाला या १९४८ च्या कारवाईच्या, म्हणजे पोलीस अॅक्शनच्या, गोष्टी नेहमी सांगायचे, पण त्या सगळ्या झेंड्याच्या, पेढ्याच्या, मिरवणुकीच्या. आम्हीही कधी दुसरं काही विचारलं नव्हतं. भाचीनं विचारलं, "आबा, तुम्ही कुठं बसला होता?"

आबा थोडा वेळ छताकडे बघत राहिले.

"बाजरीत," ते म्हणाले. "बाजरी डोक्याच्या वर आलती. गावात रझाकार आले म्हणून कुणीतरी वरडलं. माय मला अन् धाकटीला घेऊन रानात पळाली. दिवसभर बाजरीत बसून व्हतो. धाकटी रडू नये म्हणून मायनं तिला पदरात घेतलं. रातच्याला चुलत्यानं बैलगाडी आणली. बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या व्हत्या, आवाज नको म्हणून. चाकाला वंगण घातलं. अन् हद्द ओलांडून पलीकडं गेलो."

"पलीकडं म्हणजे कुठं?"

"नगरकडं," आबा म्हणाले. "तू आत्ता आलीस ना, तिकडंच."

भाचीनं वहीचं नवं पान काढलं. वर लिहिलं: बैलगाडी. आणि खाली एकेकाचं नाव विचारून विचारून लिहायला लागली.